प्रेमदासनं पाली घेतली

जोड्या जुळवा

अंगणात बाज टाकली होती आणि बाजेवर प्रेमदास कॉलेजचा कागद उलगडून बसला होता. मॅट्रिक झालेल्या पोराला वर्ध्याच्या कॉलेजात काय काय शिकता येतं, ते त्या कागदावर छापलेलं होतं. बाजेच्या पायथ्याशी त्याचा बाप पुनाजी. पुनाजी जिनात कामाला. हंगाम संपून जिन बंद पडलं तरी त्याच्या भुवयांमधला कापूस काही निघत नसे. चुलीपाशी मोठीमाय, म्हणजे पुनाजीच्या थोरल्या भावाची बायको, आनंदाबाई. अल्लीपूरच्या त्या वस्तीतून कॉलेजात जाणारा प्रेमदास पहिलाच. त्यामुळे विषय त्याला घ्यायचे असले, तरी निवडायचे सगळ्यांनी मिळून होते.

"सिव्हिक्स," प्रेमदासनं वाचलं.

"शिव्या?" पुनाजीनं कान पुढे केला.

"शिव्या नाई बाबा. सिव्हिक्स. नागरिकशास्त्र."

"शिव्या शिकाले वर्ध्याले कायले जाते बे?" मोठीमाय म्हणाली. "मी बसली हाय ना घरी."

यात बढाई नव्हती. आनंदाबाईनं पांदणीवरून हासडलेल्या शिवीनं नाल्यापलीकडचे बैल थांबत, आणि ज्याला शिवी दिली तो माणूस तर त्याच्याही आधी.

"मंग इकॉनॉमिक्स."

"काय इकाचं?"

"इकाचं नाई, अर्थशास्त्र."

"इकाले आपल्यापाशी हाय काय? थो इषय मोतीलाल शेटच्या पोट्ट्याले सांगजो." पुनाजीनं एका वाक्यात अर्थशास्त्र निकालात काढलं.

"लॉजिक."

"लाज? हा इषय बरा हाय," मोठीमाय म्हणाली. "या घरान्यात कोनालेच नाई. घे थो."

"लाज नाई मोठीमाय, तर्कशास्त्र. आन् हा शेवटचा. पाली."

पुनाजीनं हळूच मान वर करून आढ्याकडे पाहिलं. शिकलेल्या लोकांचं काही सांगता येत नाही.

"भाषा हाय बाबा," प्रेमदास घाईनं म्हणाला. "बुद्धाच्या टायमाची. आपन वंदनेत म्हनतो ना, थे पालीच."

"अस्सं," पुनाजी म्हणाला आणि मान खाली केली. आढ्यावरची आपल्या जागी बसून राहिली.

संदर्भासह स्पष्टीकरण द्या: "मी नाई म्हनत सरन."

प्रेमदासला पालीच का हवी, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. कारण मोठीमाय होती.

गेल्या दसऱ्याला सारी वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. तेव्हापासून रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं सगळे जमत आणि वंदना म्हणत. मोठीमाय पहिल्या ओळीत बसे. आवाज सगळ्यांत मोठा तिचाच. पण 'सरणं' हा शब्द आला की ती तोंड गच्च मिटून घेई, शब्द निघून गेला की पुन्हा उघडी. वाटेत रेल्वे फाटक लागावं तसं.

"काऊन नाई म्हनत मोठीमाय?" एकदा प्रेमदासनं विचारलं.

"सरन म्हंजे काय असते रे?"

"म्हंजे..."

"लाकडाचं असते. त्यावर मानसाले झोपवते आन् पेटवून देते. माहे हातपाय अजून चालून राह्यले, आन् तुमी मले रोज सांजच्याले सरनावर चढवून राह्यले! थेही एकडाव नाई!"

"इथं सरन म्हंजे थे सरन नसन मोठीमाय."

"मंग कोनतं?"

'नसन' इथपर्यंत प्रेमदासला ठाऊक होतं. 'कोनतं' इथं तो अडला. वस्तीत कोणालाच धड सांगता येईना. कोणी म्हणे शरण, कोणी म्हणे सरळ, एकजण म्हणाला की एवढ्या मोठ्या गोष्टीचा अर्थ विचारू नये. त्यावर मोठीमायनं त्याला जे सुनावलं ते नागरिकशास्त्रात जमा.

तेव्हा प्रेमदासनं ठरवलं. आपण हात जोडून ज्या भाषेत शब्द दिला, ती भाषा आपल्याला आली पाहिजे. दुसऱ्यानं सांगितलेली नको. स्वतःला आलेली पाहिजे.

रिकाम्या जागा भरा

वर्ध्याच्या कॉलेजात पाली शिकवायला मधुकरराव होते. ते इतर वेळी संस्कृत शिकवत, आणि संस्कृतचा वर्ग खच्चून भरलेला असे. पण त्यांचा जीव पालीवर. दर वर्षी जूनमध्ये ते कारकुनाच्या टेबलाशी येऊन पालीच्या रकान्यात डोकावत आणि दर वर्षी रिकाम्या रकान्याला नमस्कार केल्यासारखी मान हलवून परत जात.

त्या बुधवारी ते आले, तेव्हा टेबलाशी प्रेमदास उभा होता.

"पाली?" मधुकररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आपण होऊन? कोणी सांगितलं म्हणून नाही?"

"आपन होऊन, सर."

"बस, बस," मधुकरराव म्हणाले. तिथं बसायला काहीच नव्हतं. ते तसेच उभ्या उभ्या प्रेमदासकडे पाहत राहिले. "पण एक अडचण आहे बरं का. चौघं झाल्याशिवाय वर्ग उघडत नाही. आत्ता तू धरून दोघं आहात."

"दुसरं कोन हाय, सर?"

"सेलूची अन्नपूर्णा. तिचे वडील म्हणाले, ज्या वर्गात एकही मुलगा नसेल तो विषय द्या. असा विषय अख्ख्या कॉलेजात एकच होता." मधुकरराव जरा थांबले. "आता तू आलास, म्हणजे ते काय म्हणतील कोण जाणे."

कारकुनानं टाक दौतीत बुडवला. "शनिवारपर्यंत चौघं झाली तर ठीक. नाहीतर या पोराला लॉजिकमध्ये टाकतो. तिथं अजून ढिगानं मावतात."

निघताना प्रेमदासनं धीर करून विचारलं, "सर, सरन म्हंजे काय?"

मधुकररावांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत असं कोणी विचारलंच नव्हतं. "सरण म्हणजे आसरा. आश्रय. ऊन लागलं की झाडाखाली जातो ना आपण, ते."

प्रेमदास 'आसरा, आसरा' असं घोकत मोटरीत बसला.

घोटभर चहा

अल्लीपूरला मोटर थांबते त्या जागी नत्थूजीची टपरी होती. नत्थूजीकडे चहा पातळ मिळे आणि बातमी घट्ट.

"काय बे प्रेमदास, कोनता इषय घेतला?"

"पाली."

नत्थूजीच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "कायच्या?"

"कायच्या म्हंजे? पाली. असते एक इषय."

"घरातल्या का झाडावरच्या?"

पण प्रेमदासला 'आसरा' घरी पोचवायची घाई झाली होती. तो पुढं निघून गेला. घोटभर चहा प्यायला थांबला असता, तर ही गोष्ट टपरीवरच संपली असती.

घरी पोचल्या पोचल्या त्यानं सांगितलं, "मोठीमाय, सापडलं! सरन म्हंजे आसरा!"

मोठीमायच्या हातातला भाकरीचा गोळा परातीत पडला.

"आसरा? त्या इहिरीतल्या? साती आसरा?"

"नाई, नाई..."

"अरे, त्यायचा निवद तर आपन दसऱ्यापासून बंद केला! चिडल्या असतीन त्या! आन् आता रोज सांजच्याले म्हनाचं का आमी तुमच्याकडेच येऊन राह्यलो? यापरीस सरन बरं!"

प्रेमदास मटकन बाजेवर बसला. झाडाखालची सावली सांगायची होती, ती विहिरीत पडली.

"असं अर्धं अर्धं शिकून नको येऊ लेका," मोठीमाय जरा निवल्यावर म्हणाली. "पुरं शिकून ये. मंग सांगजो. तवरक मी तोंड मिटून ठेवतो."

आणि पुरं शिकायला शनिवारपर्यंत आणखी दोन डोकी पाहिजे होती.

चूक की बरोबर ते लिहा

सरकारनं कॉलेजात पालींचा नवा कोर्स काढला आहे.

पाल कुठं पडली तर काय होतं, कोणत्या दिशेला चुकचुकली तर काय होतं, हे सारं त्यात पद्धतशीर शिकवतात.

हे पंचवार्षिक योजनेत आहे.

पुनाजीच्या पोट्ट्याला त्यासाठी खास बोलावून घेतलं.

(गुरुवार दुपारपर्यंत अल्लीपुरात चारही विधानं बरोबर ठरली होती.)

संवाद पूर्ण करा

गुरुवारी संध्याकाळी मोतीलाल शेट वस्तीत आला. मोतीलालचं बाजारात किराण्याचं दुकान. वस्तीतली माणसं दुकानाच्या पायरीखाली उभी राहत आणि मोतीलाल वरून सामान सोडत असे. तो आपल्या पायांनी इकडं आलेला कोणी कधी पाहिला नव्हता. आला तोही एक पाय रस्त्यावर आणि एक अंगणात ठेवून उभा राहिला.

"बसा शेटजी," पुनाजी म्हणाला.

"नाई, नाई. उभाच बरा हाय. प्रेमदास, एक इचाराचं होतं. काल दुकानात पाल पडली."

"बरं," प्रेमदास म्हणाला.

"पयले गुयाच्या भेलीवर पडली. तिथून माह्या डाव्या खांद्यावर. तिथून तराजूत."

"मंग?"

"मंग काय थे तूच सांग! फायदा हाय का नुसकान? आन् भेलीवरचा हिशोब धराचा का खांद्यावरचा?"

प्रेमदास उठून उभा राहिला. दसऱ्याला घेतलेल्या शब्दांमध्ये खोटं बोलायचं नाही, असाही एक होता. "शेटजी, मले यातलं काईच नाई येत."

"बराबर हाय," मोतीलालनं समजूतदारपणे मान हलवली. "अजून वर्ग कुठी सुरू झाला? पयलंच साल हाय."

"तसं नाई शेटजी. पाली म्हंजे पाल नाई. पाली म्हंजे भाषा हाय."

"भाषा!" मोतीलालचे डोळे मोठे झाले. रस्त्यावरचा पायही अंगणात आला. "पालींची भाषा! म्हंजे चुकचुकते त्याचा अर्थच लावता येते?"

"पालींची नाई! मानसायची! मानसं बोलत होते पाली!"

"पालीसंग?"

"नाई हो! बुद्धाच्या टायमाले..."

"तवाही होत्याच ना पाली," मोतीलाल म्हणाला. "कवाच्या आहेत त्या. जुनी विद्या हाय लेका ही. मले आधीच वाटलं होतं." मग आवाज खाली आणून, "काऊन रे, आमच्या लहानूले घेतीन काय त्यात? मी त्याले थ्या इकाच्या इषयात टाकनार होतो. पन इकाचं का, दुकानात बसून शिकूनच राह्यला थो. अशी विद्या घरी असली तर धंद्याले बरं."

प्रेमदासनं बापाकडे पाहिलं. पुनाजी भुवयांतला कापूस काढण्यात गुंतला होता.

"शेटजी, मी खरं सांगून राह्यलो. पालीचा पालीशी काई संबंध नाई."

हे वाक्य तोंडातून निघालं आणि प्रेमदासला कळलं की मराठीत याहून खरं आणि याहून निरुपयोगी वाक्य असूच शकत नाही.

मोतीलाल लगबगीनं निघून गेला. त्या अंगणात आपले दोन्ही पाय पडले, हे दुकानात पोचेपर्यंत त्याच्या लक्षात आलं नाही.

तर्कशास्त्र (हा विषय प्रेमदासनं घेतलेला नाही)

रात्रभर त्याचं डोकं असं चाललं:

खोटं बोलणार नाही, असा शब्द मी दिला आहे.

तो शब्द पालीत दिला आहे.

पाली मला येत नाही.

म्हणजे मी नेमकं काय कबूल करून बसलो, हे कळायला पाली शिकायला पाहिजे.

पाली शिकायला चौघं पाहिजेत.

लहानू आला तर तिघं होतात. पण लहानू येणार तो भिंतीवरच्या पालीसाठी. मी गप्प राहिलो तर ते खोटं बोलल्यासारखंच.

म्हणजे खोटं बोलू नये असं मी खरंच कबूल केलं आहे का, हे कळण्यासाठी मला आधी खोटं वागावं लागणार.

पहाटे त्यानं मोठीमायला हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "मी म्हटलं नव्हतं, लाज हाच इषय घे म्हनून?" एवढंच म्हणाली आणि शेणाच्या टोपल्याला हात घातला.

एका वाक्यात उत्तर लिहा

शुक्रवारी गावच्या जुन्या जमीनदारांनी, भैयाजींनी, आपल्या भाच्याला, टिकारामला, कॉलेजात पालीसाठी पाठवायचं ठरवलं. मालगुजारी गेली होती, पण भैयाजी राहिले होते. बाजारातल्या शेटच्या पोराला पालीची बोली कळावी आणि मालगुजाराच्या भाच्याला कळू नये, हे त्यांना सहन होईना. पुरावा मागितला तर त्यांच्या वाड्यात पालीही जास्त होत्या.

प्रेमदास धावत वाड्यावर गेला आणि ओसरीखाली उभं राहून त्यानं भैयाजींना सगळं खरंखुरं सांगितलं. भाषा, व्याकरण, पुस्तकं, मधुकरराव. घसा कोरडा पडेपर्यंत.

भैयाजींचं उत्तर: "विद्या एकट्यालेच शिकाची हाय वाटते तुले!"

भूगोल

शिक्षक नसल्यामुळे या वर्षी उघडला नाही.

पाली

शनिवारी चौघांची नावं लागली, सोमवारी वर्ग भरला. प्रेमदास आता वर्ध्याजवळ नालवाडीला मामाकडे राहत होता. तिथून पायी येऊन तो सगळ्यांच्या आधी पहिल्या बाकावर बसला. मागं लहानू आणि टिकाराम. पलीकडच्या बाकावर अन्नपूर्णा, आणि उघड्या दारात तिचे वडील, छत्री मिटून. वर्गात तीन मुलगे शिरले, हे कळल्यावर ते सेलूहून तडक आले होते. मुलीचं नाव काढायला कारकुनाकडे निघाले, तर अन्नपूर्णा म्हणाली, "बाबा, लॉजिकमध्ये किती पोट्टे हायेत ते आधी मोजून या." ते मोजून आले आणि मुकाट्यानं दारात उभे राहिले.

मधुकररावांनी चौघांकडे पाहिलं आणि बोटावर पुन्हा मोजलं. चौघं! वर दारात पाचवा!

"तुमच्यापैकी कुणाला पालीतला एखादा शब्द येतो?"

"मुसावाद," प्रेमदास म्हणाला.

"छान! मुसा."

"मूस म्हंजे उंदीर," टिकाराम लहानूच्या कानात म्हणाला. "माही मामी छिंदवाड्याची हाय, तिच्या हिंदीत मूसच म्हनते."

"आज उंदीर," लहानूनं समाधानानं मांडी घातली. "पाल उद्या येईन."

"मुसा म्हणजे मृषा," मधुकरराव सांगत होते. "खोटं. मुसावाद म्हणजे खोटं बोलणं. पंचशील घेताना म्हणतात, की मी खोट्यापासून दूर राहण्याचा नेम घेतो. पाहा, 'बोलणार नाही' अशी शपथ नाही ही. दूर राहायला शिकतो आहे, असा नेम आहे."

प्रेमदासला हे ऐकून इतकं हलकं वाटलं की त्याला बाकावर बसून राहणं कठीण झालं. शिकतो आहे! म्हणजे विद्यार्थीच आपण. चुकत माकत चालणारे.

मंगळवारी पाल आली नाही. बुधवारी नामाची रूपं आली. गुरुवारी लहानूनं हात वर केला.

"सर, पाल कवा घेनार?"

"पाल म्हणजे?"

लहानूनं भिंतीकडे बोट दाखवलं. मधुकररावांनी भिंतीकडे पाहिलं, लहानूकडे पाहिलं, टिकारामकडे पाहिलं. दारातल्या छत्रीला हसू फुटलं. मधुकररावांना सगळं कळायला वेळ लागला, पण कळलं. ते खुर्चीवर बसले. क्षणभर असं वाटलं की ते आता रडतील.

"तुम्ही दोघं त्यासाठी आलात?"

"हो सर," टिकाराम म्हणाला.

"आणि गेले दोन दिवस मी नामाची रूपं सांगतो आहे, ती...?"

"आमाले वाटलं पयले उपोद्घात असन."

तास संपला. टिकाराम राहायला तयार होता. वाड्यावर परत गेलं की भैयाजी त्याला दिवसभर पाय दाबायला लावत. त्यापेक्षा नामाची रूपं बरी. अडचण लहानूची होती.

"मले काई नाई," लहानू प्रेमदासला म्हणाला. "मधुकरराव सर मले नाव घेऊन बोलावते. दुकानात तर बाबा 'ए' म्हनते. पन बाबाले सांगा लागीन. आन् सांगतलं का थे सोमवारी येतीन आन् मले उचलून इकॉनॉमिक्समध्ये टाकतीन."

"सांग," प्रेमदास म्हणाला. जड गेलं, पण म्हणाला. "खरं थे सांग."

एक डोकं गेलं की वर्ग बंद. मधुकररावांचा रकाना रिकामा. मोठीमायचं तोंड मिटलेलं.

कोण, कोणास व केव्हा म्हणाले?

शनिवारी प्रेमदास गावी उतरला. नत्थूजी वाटच पाहत होता.

"काय बे, काय शिकला या हप्त्यात?"

या वेळी प्रेमदास थांबला. बाकावर बसला, चहा घेतला, आणि विचार करून, एक एक शब्द तोलून बोलला. "खोट्यापासून दूर राहाचं, हे शिकलो."

"पाली असं म्हनते?"

"पालीत असंच म्हटलं हाय. पन नत्थूजी, नीट आयका. पाली म्हंजे भाषा हाय. भितीवरची पाल नाई."

"समजलं, समजलं," नत्थूजी म्हणाला. "भाषा." आणि त्यानं गंभीर होऊन आढ्याकडे पाहिलं. "म्हंजे ती चुकचुकली का समजाचं, कोनीतरी खोटं बोलून राह्यलं. मी आजवर उलटंच समजत होतो."

"नत्थूजी!"

पण नत्थूजीचं दुसरं गिऱ्हाईक आलं होतं, आणि चहाच्या आधी त्याला बातमी मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी बाजार. लहानूनं आदल्या रात्री बापाला सगळं खरं सांगून टाकलं होतं. त्यामुळे मोतीलाल सकाळपासून धुमसत होता. उद्या पहिल्या मोटरीनं वर्ध्याला जायचं, पोराला त्या वर्गातून ओढून काढायचं, हे नक्की ठरलं होतं. प्रेमदास मीठ घ्यायला आला तेव्हा दुकानापुढं गर्दी होती. सगळ्यांत पुढं रामबाई, सासरच्या दोन्ही घरांचं सामान एकदम नेणारी. तिनं तुरीची दाळ मागितली. मोतीलालनं तराजू उचलला, काटा सरळ व्हायच्या आतच म्हणाला, "घ्या, बराबर हाय."

गुळाच्या भेलीमागं चुकचुक झालं.

बाजार चिडीचूप झाला. इतका की पलीकडच्या कोंबडीवाल्याच्या कोंबड्याही थांबल्या.

"शेटजी," रामबाई म्हणाली, "पुन्हा तोला."

"अवं, बराबर हाय!"

चुकचुक.

"तोला, तोला!" मागून आवाज आले. मोतीलालनं पुन्हा तोलली. मूठभर कमी भरली. त्यानं मूठभर टाकली. मग लोकांच्या नजरा पाहून आणखी चिमूटभर टाकली. मग रामबाई म्हणाली, "आता गेल्या बाजारचा गूयही पाहाचा काय?"

मोतीलाल तराजू खाली ठेवून दुकानाच्या पायरीवर आला.

"आयका समदे!" तो ओरडला. "पाली म्हंजे भाषा हाय! बुद्धाच्या टायमाची! मानसं बोलत होते! व्याकरन असते तिले! तिचा आन् या भेलीमागच्या जनावराचा काई म्हंजे काईच संबंध नाई! इचारा माह्या लहानूले! इचारा या प्रेमदासले!"

सगळ्यांनी प्रेमदासकडे पाहिलं.

"शेटजी म्हनते थे अक्षर न् अक्षर खरं हाय," प्रेमदास म्हणाला. इतक्या लोकांपुढं खरं बोलायची आणि ते ऐकलं जाण्याची त्याची ही पहिलीच वेळ.

"भाषाच हाय म्हन्ता," नत्थूजीनं गर्दीतून विचारलं, "मंग तुमचा लहानू कायले शिकून राह्यला ती? पालीसाठीच तर टाकला होता ना त्याले?"

मोतीलालनं मनात हिशोब मांडला. आपण फसलो असं म्हणावं, तर बाजारभर हसं. पोराला काढलं म्हणावं, तर लोक म्हणणार, शेटची पोल पोरगाच फोडायला लागला म्हणून काढला. त्यानं एकदा लहानूकडे पाहिलं, एकदा तराजूकडे.

"कायले म्हंजे?" तो छाती काढून म्हणाला. "भाषा चांगली हाय म्हनून! जुनी हाय म्हनून! पालीसाठी नाई टाकला, पालीसाठी टाकला! आन् पुरी शिकून होईतवर मी त्याले काढनार नाई! बोला!"

लहानूनं पोत्यामागून प्रेमदासकडे पाहिलं. प्रेमदासनं मिठाची पुडी छातीशी धरली.

आता सगळेजण गुळाच्या भेलीकडे पाहत होते. कोणी श्वास घेईना. भेलीमागून काही आवाज आला नाही. मग रामबाईनं मान हलवली आणि पिशवी पुढं केली.

"खरं बोलले शेटजी. पाल चूप हाय. टाका आता दाळ."